जुन्या संकेतस्थळांचं बिऱ्हाड हलवताना

शाळांची संकेतस्थळं नव्या सीएमएसवर नेण्याबद्दल ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं या वेळी देत आहोत. सीएमएस म्हणजे ज्या प्रणालीत लॉगिन करून आपण सूचना, पानं आणि फोटो चढवतो ती प्रणाली.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या ठाणे, वाशी, कोपरखैरणे आणि खारघर मिळून १४ शाळा आहेत. प्रत्येकीचं संकेतस्थळ वेगळं, वेगवेगळ्या काळात केलेलं. आता सगळी एकाच सीएमएसवर आणायची आहेत. वर्डप्रेस घ्यावं, ड्रुपल की जूमला? आणि एकच संकेतस्थळ करावं की १४ ठेवावीत?
— कार्यालय अधीक्षक, वाशी

सॉफ्टवेअर कोणतं, हे नंतर ठरवू. त्याआधी ठरवा की पावसामुळे शाळेला सुट्टी द्यावी लागली, तर पहाटे सहा वाजता ती सूचना संकेतस्थळावर कोण लावणार? मुख्य कार्यालयातली एकच व्यक्ती लावणार असेल, तर एक संकेतस्थळ आणि त्यात १४ विभाग पुरतात. प्रत्येक शाळेचा लिपिक स्वतः लावणार असेल, तर प्रत्येक शाळेला आपला वेगळा डॅशबोर्ड, म्हणजे लॉगिन केल्यावर दिसणारं कामाचं पान, हवा. तुमच्यासारख्या संस्थेत बहुधा दुसरी गोष्ट खरी असते. म्हणून आमचा कौल वर्डप्रेसच्या मल्टिसाइट व्यवस्थेला आहे. ती २०१० च्या ३.० आवृत्तीपासून मूळ वर्डप्रेसमध्येच आहे. एकाच ठिकाणी सगळं बसवलं जातं, अद्ययावत करायचं काम एकदाच होतं, थीम (रूपरंग) आणि प्लगइन (जोडसुविधा) मुख्य प्रशासकाच्या ताब्यात राहतात आणि शाळेच्या लिपिकाला फक्त आपल्या शाळेचं दिसतं.

तोटेही समजून घ्या. डेटाबेस एकच असल्यामुळे तो बसला की १४ शाळा एकदम बंद पडतात. प्रत्येक शाळेचं मीडिया भांडार वेगळं असल्याने संस्थेचं एकच परिपत्रक १४ ठिकाणी चढवलं जातं, मग दुरुस्ती १३ ठिकाणी होते आणि एक प्रत जुनीच राहते. त्यामुळे सामाईक परिपत्रकं फक्त मुख्य संकेतस्थळावर ठेवा आणि शाळांनी तिथला दुवा द्यावा, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

शाळांचे पत्ते सबडोमेनऐवजी (शाळेचं नाव डोमेनच्या आधी) उपफोल्डरच्या रूपात (शाळेचं नाव डोमेननंतरच्या तिरप्या रेघेपुढे) ठेवा. एका डोमेनला एकच एसएसएल प्रमाणपत्र, म्हणजे सुरक्षित जोडणीचा दाखला, पुरतं. सबडोमेन असतील, तर प्रत्येकाचं नाव प्रमाणपत्रात घालावं लागतं किंवा सगळ्यांना चालणारं वाइल्डकार्ड प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि लेट्स एन्क्रिप्टचं मोफत वाइल्डकार्ड हवं तर सहसा दर नूतनीकरणाला डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, नोंद करावी लागते. ते काम स्वयंचलित केलेलं नसेल, तर कधी ना कधी कुणीतरी विसरतं.

ड्रुपल भक्कम आहे, पण ते सांभाळायला कायमचा जाणकार माणूस लागतो. १४ पैकी एखादं संकेतस्थळ जूमला ३ किंवा ड्रुपल ७ वर असेल, तर ते आधी हलवा. जूमला ३ चा आधार ऑगस्ट २०२३ मध्ये संपला आणि ड्रुपल ७ चा ५ जानेवारी २०२५ ला. तेव्हापासून त्यांना मूळ प्रकल्पाकडून सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत.

आता यादी. एक्सेलमध्ये जुना पत्ता, पानाचं शीर्षक, शाळेचा यूडायस (सरकारी ओळख) क्रमांक, शेवटचा बदल, जबाबदार व्यक्ती, निर्णय आणि नवा पत्ता असे सात रकाने करा. शाळेचं नाव कुणी ‘माध्यमिक विद्यालय’ लिहितं, कुणी ‘हायस्कूल’; ११ अंकी यूडायस क्रमांक मात्र चुकत नाही. निर्णयाच्या रकान्यात चारच शब्द चालतील : ठेवणे, जोडणे (दुसऱ्या पानात मिसळणे), दप्तरात (जुनी नोंद म्हणून जपणे), काढणे. यादी तीन वाटांनी गोळा करा. स्क्रीमिंग फ्रॉगसारखं क्रॉलर, म्हणजे दुव्यांवरून पानोपान फिरणारं सॉफ्टवेअर, फक्त कुठूनतरी दुवा दिलेली पानं शोधतं आणि त्याची मोफत आवृत्ती ५०० पत्त्यांवर थांबते. दुव्याविना पडून असलेल्या पीडीएफसाठी सर्व्हरवरच्या फाइलींची यादी घ्या. आणि लोक प्रत्यक्षात काय उघडतात, ते सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमधून (भेटींच्या नोंदींतून) काढा. या तिसऱ्या वाटेने अशी पानं सापडतात की जी कार्यालयाला माहीतही नसतात, पण पालक रोज उघडतात.

खारघरला नवी मुंबई म्हणत असले, तरी जिल्हा रायगड आणि महापालिका पनवेलची आहे. ‘आमचं शिक्षणाधिकारी कार्यालय’ असं एकच सामाईक पान केलंत, तर त्या शाळेच्या पालकांना चुकीचा पत्ता मिळेल. तसंच १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा होण्याआधीची पानं असतील, तर त्यात वसई, वाडा, जव्हार अजून ठाणे जिल्ह्यात असतील. अशी पानं ‘दप्तरात’ जातील, ‘ठेवणे’ मध्ये नाही.

प्रश्न : जुन्या संकेतस्थळावरची मराठी परिपत्रकं नव्या सीएमएसमध्ये चिकटवली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फाँट श्रीलिपी आणि काही ठिकाणी कृतिदेव आहे. परिपत्रकं शेकड्यांनी आहेत. पुन्हा टाइप करायची का?
— लिपिक, नौपाडा, ठाणे

पुन्हा टाइप करायची गरज नाही, पण एका बटणावरही हे काम होणार नाही. मराठी शाळांच्या बाबतीत हलवाहलवीतला सगळ्यात मोठा भाग हाच असतो आणि व्हेंडरच्या अंदाजपत्रकात नेमकी हीच ओळ नसते.

कारण असं, की या जुन्या फाँटांमध्ये मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फाइलीत प्रत्यक्ष साठवलेला मजकूर इंग्रजी अक्षरांचाच असतो, फाँट फक्त त्याला मराठी मुखवटा देतो. फाँट काढला की मुखवटा पडतो. म्हणूनच ही परिपत्रकं गूगलवर मराठी शब्द टाकून सापडत नाहीत आणि स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला) वाचता येत नाहीत.

उपाय म्हणजे मजकुराचं युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या प्रमाणित पद्धतीत, रूपांतर करणं. त्यासाठी पहिलं काम मूळ फाइल शोधणं. संकेतस्थळावरून किंवा पीडीएफमधून कॉपी करू नका. वर्डची किंवा पेजमेकरची फाइल कार्यालयाच्या जुन्या संगणकावर बहुधा असते. ती उघडून फाँटचं नेमकं नाव टिपा. श्रीलिपीचा रूपांतराचा तक्ता कृतिदेवला चालत नाही. एका परिपत्रकात दोन-तीन फाँट सापडले, तर दचकू नका. मथळा एकाने आणि तक्ता दुसऱ्याने केलेला असतो.

दुसरं, साधा मजकूर करून रूपांतर करू नका. ‘ई-मेल’, ‘एसएससी’ असे शब्द त्याच ओळीत खऱ्या इंग्रजी फाँटात लिहिलेले असतात. साध्या मजकुरात त्यांची वेगळी ओळख पुसली जाते आणि रूपांतरक त्यांचंही मराठी करून टाकतो. वर्डमध्ये ‘शोधा’ च्या खिडकीत फाँटनुसार शोधता येतं. त्या फाँटातले तुकडेच निवडा आणि त्यांचंच रूपांतर करा.

तिसरं, तपासणी. चुका ठरलेल्या जागीच होतात. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराआधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. जोडाक्षर आलं की रूपांतरक गोंधळतो आणि ‘स्थिती’ चं ‘सि्थती’ होतं. रफार जुन्या फाँटात अक्षरानंतर असतो, युनिकोडमध्ये आधी. म्हणून ‘वर्ग’ चं ‘वगर्’ होतं. त्यामुळे आधी वेलांटीनंतर लगेच हलन्त आलेला आहे का, ते शोधा. मराठीत असं कधीच येत नाही, सापडलं की चूकच. मग शब्दाच्या शेवटी ‘र्’ आलेले शब्द शोधा. जवळजवळ सगळे चुकलेले असतील. शेवटी ‘र्या’ शोधा, पण इथे ‘सगळे बदला’ हे बटण दाबू नका. ‘दुसर्या’ चुकीचं आहे आणि ‘दुसऱ्या’ बरोबर, पण ‘कार्यालय’ आणि ‘आचार्यांना’ मधला रफार बरोबरच आहे. हे डोळ्यांनीच पाहावं लागतं.

‘ॲ’ ही वेगळी खोच आहे. तो एका सलग अक्षराने लिहिता येतो आणि ‘अ’ वर चंद्र देऊनही. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधताना वेगळे. ‘ॲडमिशन’ शोधणाऱ्या पालकाला निम्मी पानं दिसणार नाहीत. एकच रूप ठरवून सगळीकडे तेच करा.

शेकडो परिपत्रकं सरसकट बदलू नका. चालू नियम, प्रवेश, शुल्क, गणवेश, शाळेचा इतिहास हे पूर्ण युनिकोडमध्ये आणा. बाकीच्यांचं शीर्षक, जावक क्रमांक, दिनांक आणि दोन ओळींचा विषय युनिकोडमध्ये टाइप करा आणि खाली जुनी पीडीएफ जोडा. शोधणाऱ्याला ते सापडतं, हे पुरेसं आहे. फक्त कागद उरला असेल तर ३०० डीपीआयला स्कॅन करा. टेसरॅक्ट या मोफत ओसीआरमध्ये (चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) मराठी आहे, पण शिक्का आणि सही मजकुरावर आलेली असेल तिथे ते चुकणार. किती दिवस लागतील हे व्यवस्थापनाला सांगण्यापूर्वी वेगवेगळ्या वर्षांची २० परिपत्रकं घ्या, घड्याळ लावून तपासणीसकट पूर्ण करा आणि त्यावरून हिशेब मांडा.

आणि आजपासून कार्यालयात इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक, कुठल्याही कळफलकाने पण युनिकोडमध्येच टाइप करा. नाहीतर एका दाराने बदललेलं येईल आणि दुसऱ्या दाराने जुनं पुन्हा शिरेल.

प्रश्न : आमचा मजकूर युनिकोडच आहे, जुन्या संकेतस्थळावर नीट दिसतो. पण चाचणी सर्व्हरवर काही पानांत प्रश्नचिन्हं आली आणि काहींत टोप्या घातलेली विचित्र इंग्रजी अक्षरं. कशाने?
— संगणक शिक्षक, ऐरोली

दोन वेगळे आजार आहेत. टोप्यांची अक्षरं दिसतात तिथे मजकूर शाबूत आहे, फक्त त्याचं सांकेतीकरण (अक्षरांचं बाइटमध्ये रूपांतर) दोनदा झालंय. प्रश्नचिन्हं दिसतात तिथे नव्या डेटाबेसमधला मजकूर खरंच गेला, तो जुन्यातूनच पुन्हा आणावा लागेल. नुसत्या चौकटी दिसल्या असत्या, तर दोष फक्त फाँटचा असता.

खात्री करायची असेल, तर डेटाबेसमध्ये साठवलेले बाइट दाखवणाऱ्या हेक्स फंक्शनने ‘म’ हे अक्षर पाहा. ‘ई० ए४ एई’ असे तीन बाइट दिसले तर ठीक. ‘सी३ ए० सी२ ए४ सी२ एई’ असे सहा दिसले तर दुहेरी सांकेतीकरण. नुसतं ‘३एफ’ दिसलं तर ते प्रश्नचिन्हच आहे.

बहुतेक वेळा जुने तक्ते नावापुरते ‘लॅटिन-१’ (युरोपीय अक्षरांचं जुनं सांकेतीकरण) असतात आणि आत युटीएफ-८ चे (युनिकोडच्या सांकेतीकरणाचे) बाइट असतात. मायएसक्यूएल हा डेटाबेस निर्यात करताना प्रामाणिकपणे रूपांतर करतं आणि बिघडवतं. म्हणून जुन्या सर्व्हरवरून निर्यात घेताना कॅरेक्टर सेट लॅटिन-१ द्या, म्हणजे बाइट न बदलता बाहेर येतील. फाइलीत कॅरेक्टर सेटची ओळ लिहू नये, हा पर्याय लावा. मग त्या फाइलीतल्या तक्त्यांच्या व्याख्येत ‘युटीएफ-८-एमबी-४’ लिहा आणि त्याच सेटने आयात करा. नुसतं ‘युटीएफ-८’ लिहू नका. मायएसक्यूएलचा तो जुना प्रकार तीन बाइटपर्यंतच जातो. देवनागरी त्यात मावते, इमोजी नाही. १५ ऑगस्टच्या बातमीत कुणी झेंड्याचं चिन्ह टाकलं असेल आणि सर्व्हरची कडक पद्धत बंद असेल, तर त्या चिन्हापासून पुढची अख्खी बातमी कापली जाते आणि काही चूक झाल्याचं सहजासहजी कळतही नाही.

आणखी एक. डोमेन बदलताना डेटाबेसमध्ये साध्या एसक्यूएलने जुना पत्ता काढून नवा घालू नका. वर्डप्रेस बरीच मांडणी अशा रूपात साठवतं, की ज्यात मजकुराची लांबीही लिहिलेली असते. लांबी जुळली नाही की विजेट आणि मेन्यू गायब. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या साधनाची शोधा-बदला आज्ञा ही लांबी सांभाळते. आधी तिची ‘ड्राय रन’, म्हणजे प्रत्यक्ष बदल न करता चाचणी, करा.

प्रश्न : विद्यार्थ्यांच्या डायरीत आणि प्रवेशपत्रकांवर क्यूआर कोड छापले आहेत. नव्या सीएमएसमध्ये पत्ते बदलणार. व्हेंडर म्हणतो, सगळे जुने पत्ते मुखपृष्ठावर वळवू. चालेल?
— मुख्याध्यापिका, घणसोली

नाही चालणार. इयत्ता पाचवीच्या प्रवेशासाठी कोड स्कॅन करणाऱ्या पालकाला मुखपृष्ठ मिळालं, तर तो चुकीच्या ठिकाणी आलो असं समजून परत जातो. गूगलही अशा सरसकट वळणाला बहुधा ‘पान नाही’ असंच धरतं. प्रत्येक जुन्या पानाला त्याच विषयाचं नवं पान हवं. म्हणूनच यादीत ‘नवा पत्ता’ हा रकाना असतो.

वळण ३०१ चं, म्हणजे कायमचं द्या. ३०२ तात्पुरतं असतं. जुन्यावरून नव्यावर एकाच उडीत पोहोचवा. जुना पत्ता, मग एचटीटीपीएस, मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, मग नवं पान अशी साखळी केली, तर मंद नेटवर्कवर ती जाणवते.

नेहमी फसणाऱ्या जागा तीन. जुना सर्व्हर विंडोजचा आणि नवा लिनक्सचा असेल, तर इंग्रजी अक्षरांची लहान-मोठी लिपी वेगळी धरली जाते. ‘नोटिस’ चं पहिलं अक्षर जुन्या पत्त्यात मोठं होतं आणि फाइलीत लहान, एवढ्याने पान मिळत नाही. दुसरी, ‘आयडी=४७’ अशी प्रश्नचिन्हानंतर संख्या असलेले पत्ते. अपाची या वेब सर्व्हरची साधी रीडायरेक्ट आज्ञा प्रश्नचिन्हानंतरचा भाग तपासत नाही, तिथे रीराइटची क्वेरी-स्ट्रिंगवरची (त्याच भागावरची) अट लागते. तिसरी, मराठी पत्ते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह पत्त्यात टक्क्याच्या खुणांसह नऊ अक्षरांचं होतं, काना-मात्राही वेगळी मोजली जाते. वर्डप्रेस पत्त्याचा हा भाग २०० अक्षरांत ठेवतं, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. ‘इयत्ता पाचवी प्रवेश प्रक्रिया वेळापत्रक’ असं शीर्षक असेल, तर त्याचा पत्ता मध्येच तुटतो. शीर्षक मराठीतच ठेवा, पत्ता मात्र लहान रोमन अक्षरांत हाताने लिहा. मराठीचा कमीपणा म्हणून नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेला तो पत्ता अखंड पोहोचावा म्हणून.

तपासताना दहा पानं उघडून समाधान मानू नका. यादीतले सगळे जुने पत्ते कर्ल या पत्ते उघडून पाहणाऱ्या साधनाने चालवा. शेवटचा प्रतिसाद २०० (पान मिळालं) आणि शेवटचा पत्ता रकान्यातलाच आला पाहिजे. वळणं किमान वर्षभर ठेवावीत असं गूगल सांगतं. छापील डायरीसाठी मात्र आमचं म्हणणं आहे, की ती काढूच नका. जुनं डोमेन सोडूनही देऊ नका. सुटलेली डोमेन विकत घेऊन त्यावर जुगाराची पानं लावणारे आहेत, आणि मुलांच्या डायरीतला कोड त्यांच्याकडे जाईल. पुढच्या वर्षी छापताना क्यूआरमध्ये स्वतःच्याच डोमेनवरचा छोटा पत्ता घाला, म्हणजे मागचं पान हवं तेव्हा बदलता येईल. वर्गणीवर चालणाऱ्या क्यूआर सेवेची वर्गणी थांबली की कोडही थांबतो.

प्रश्न : जुन्या संकेतस्थळावर वर्गवार निकाल, मुलांचे फोटो, शिष्यवृत्तीच्या याद्या असं सगळं आहे. जसंच्या तसं नेणार का, असं विचारलं तर ‘इतिहास आहे’ असं उत्तर मिळालं.
— पालक, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, खारघर

तुमची शंका रास्त आहे आणि ती आत्ताच उपस्थित करा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची अपेक्षा ठेवतो. आधार क्रमांक जाहीर करायला तर २०१६ च्या आधार कायद्यानेच मनाई आहे.

शिष्यवृत्तीच्या यादीत नाव, जात, बँक खातं आणि आधार एकत्र असतात. सर्व्हरवरच्या सगळ्या पीडीएफ आणि एक्सेलमध्ये सलग १२ अंक, आणि चार-चारच्या गटांतले १२ अंक शोधायला सांगा. एक्सेलमधले लपवलेले रकाने उघडून पाहायला सांगा. छापताना दिसत नाहीत म्हणून ते तसेच चढवलेले असतात. मोबाइलने काढलेल्या फोटोंमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात, तेही काढून टाकावेत.

पानावरचा दुवा काढला म्हणजे फाइल गेली, असं नाही. फाइल सर्व्हरवरून पुसायची, त्या पत्त्याला ४१० हा ‘कायमचं काढलं’ असा प्रतिसाद द्यायचा आणि गूगलच्या सर्च कन्सोलमधून काढण्याची विनंती करायची. ती विनंती साधारण सहा महिनेच टिकते, म्हणून फाइल पुसणं महत्त्वाचं. चाचणी सर्व्हरलाही पासवर्ड हवा. ‘शोधयंत्रांनी येऊ नये’ ही खूण म्हणजे विनंती आहे, कुलूप नाही. तीच खूण नवं संकेतस्थळ सुरू करताना आठवणीने काढायची असते.

शाळा माहिती अधिकाराखाली येत असेल, तर कलम ४ खालची स्वयंप्रेरणेने द्यायची माहिती मात्र गाळू नका. तिच्यात मुलांच्या खाजगी तपशिलांची गरज नसते.

प्रश्न : संकेतस्थळ बदललं त्या दिवसापासून शाळेचे ई-मेल बंद आहेत. संबंध काय?
— लिपिक, वागळे इस्टेट, ठाणे

संकेतस्थळाचा पत्ता आणि ई-मेलचा पत्ता डीएनएसमध्ये एकाच वहीत असतात. व्हेंडरने फक्त ए-नोंद (संकेतस्थळाचा सर्व्हर सांगणारी) बदलली असती, तर मेल चालू राहिले असते. त्याने नेमसर्व्हरच बदलले, म्हणजे वहीच नवी आली आणि तिच्यात एमएक्स नोंदी (मेल कुठे पोहोचवायचे ते सांगणाऱ्या) उतरवल्या नाहीत. जुन्या ठिकाणाहून एमएक्स, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या चारही नोंदी (शेवटच्या तीन पाठवणारा खरा आहे हे पटवतात) नव्यात घाला. मेल पुन्हा सुरू होतील. मधल्या काळात परत गेलेले मेल मात्र पाठवणाऱ्यांनाच पुन्हा पाठवायला सांगावे लागतील.

नेमसर्व्हर न बदलता फक्त ए-नोंद बदलायला हवी होती आणि बदलाच्या किमान एक दिवस आधी तिचा टीटीएल (इतर सर्व्हर जुनी नोंद किती वेळ धरून ठेवतात तो काळ) ८६,४०० वरून ३०० सेकंदांवर आणायला हवा होता, म्हणजे चूक पाच-दहा मिनिटांत मागे घेता आली असती. पुढच्या वेळी दिवाळीची सुट्टी निवडा. मे महिन्यात शाळा रिकामी असते, पण प्रवेशामुळे संकेतस्थळ सगळ्यात जास्त वापरात असतं. आणि डोमेन संस्थेच्या नावावर आहे ना, ते आजच पाहा. व्हेंडरच्या किंवा निवृत्त शिक्षकाच्या खात्यावर असेल, तर बाकी सगळी कामं बाजूला ठेवून आधी ते नावावर करून घ्या.

प्रश्न : मी अंध आहे. मुलीच्या शाळेच्या नव्या संकेतस्थळावर माझा स्क्रीन रीडर मराठी इंग्रजी ढंगाने वाचतो आणि सूचना तर वाचतच नाही. शाळेला काय सांगू?
— पालक, कोपरखैरणे

तीन वाक्यं लिहून द्या. एक, पानाची भाषा ‘एमआर’ (मराठीचा संकेत) अशी जाहीर करा. वर्डप्रेसमध्ये साइटची भाषा मराठी निवडली आणि थीम नीट असली, की ती आपोआप होते. दुसरं, सूचना स्कॅन केलेल्या चित्राच्या रूपात टाकू नका, मजकूर पानावर लिहा आणि स्कॅन खाली जोडा. तिसरं, मुखपृष्ठावरची धावती पट्टी थांबवायचं बटण द्या. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून जास्त हलणारा मजकूर थांबवता आला पाहिजे, हे डब्ल्यूसीएजीच्या, म्हणजे अपंगांनाही संकेतस्थळं वापरता यावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकांच्या, सर्वांत खालच्या पातळीचं मानक आहे. सरकारी संकेतस्थळांसाठीची जीआयजीडब्ल्यू ३.० मार्गदर्शक तत्त्वं डब्ल्यूसीएजी २.१ ची एए (मधली) पातळी मागतात. शाळा खाजगी असली, तरी तिला हाच मापदंड दाखवा.

प्रश्न : नव्या सीएमएसमध्ये आमच्या लिपिकाला सूचनेला पीडीएफ जोडता येत नाही. बटणच दिसत नाही. बिघाड आहे का?
— पर्यवेक्षक, ठाणे

बिघाड नाही. त्यांना ‘कॉन्ट्रिब्युटर’ ही भूमिका दिलेली असणार. वर्डप्रेसमध्ये त्या भूमिकेला फाइल चढवता येत नाही आणि प्रसिद्धही करता येत नाही. ‘ऑथर’ करा, मग ते स्वतःच्या सूचना फाइलींसह लावू शकतील, पण कायमची पानं बदलू शकणार नाहीत. पानं बदलण्यासाठी ‘एडिटर’ ही भूमिका शाळेतल्या आणखी एका व्यक्तीला द्या, म्हणजे लिपिक रजेवर असताना सुट्टीची सूचना अडणार नाही. दोघांची खाती वेगळी ठेवा.